मशीन तयार होतं

वैशे, त्या दिवशी मशीन तयार होतं. हे तुला कळायचं राहिलं, म्हणून आधी तेच सांगते. नळ्या भरून झाल्या होत्या, पलंगावरची चादर बदलली होती आणि सिस्टर हातमोजे घालून दारात उभ्या होत्या. मी खाली फाटकापाशी होते. ॲम्ब्युलन्स दिसली की स्ट्रेचर पुढं न्यायचं आणि वर फोन करायचा, असं ठरलं होतं. ऊन इतकं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मग तुझ्या भावाचा फोन आला, करंजीच्या घाटातून. त्याच्यामागून तुझ्या आईचा, मावशींचा हंबरडा ऐकू येत होता, त्यावरून मला कळलं.

तुझ्या दहाव्याला मी गावी आले होते. कुणीतरी माईकवरून तू किती थोर समाजसेविका होतीस ते सांगितलं. पाथर्डी तालुक्यातल्या एवढ्याशा गावाचं नाव तू साता समुद्रापलीकडं नेलंस, असं म्हणाले. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला होता. त्यात तू डोळे बारीक करून बघतेस, कारण फोटोवाल्यानं तुला हसू नको म्हणून सांगितलं होतं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले तर त्यांनी मलाच विचारलं, जेवलीस का. मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

माईकवरचं ते सगळं ऐकताना मला तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू मेलीस म्हणून ते मिटलं, असं मी धरणार नाही.

आपण भेटलो तेव्हा तू मला आवडली नव्हतीस. सावेडीतली ती गच्चीवरची खोली, बी.फार्मसीचं पहिलं वर्ष. मी संगमनेरहून बॅगा घेऊन आले, तर तू आधीच खिडकीजवळचा पलंग धरून बसलेली. मी पाण्याची बाटली पुढं केली, तू नको म्हणालीस. जेवताना पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तुझ्याकडं एक लहानसं फुलपात्र होतं, त्यातूनच दिवसभर घोट घोट घ्यायचीस. मला वाटलं, ही मुलगी एक तर कसलं तरी व्रत करते किंवा फार शिष्ट आहे. त्यात उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस. एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना तुझी बाही वर सरकली आणि मी तो हात बघितला. कोपराखाली शीर दोरासारखी फुगलेली, तिच्यावर सुयांचे डाग. मी बघतेय हे तुला दिसलं.

"हात लावून बघ," तू म्हणालीस.

मी बोटं टेकवली. आत काहीतरी घरघरत होतं, झोपलेल्या मांजराच्या पोटात घरघरतं तसं.

"मशीनला जोडायची शीर हाय ती. डाक्टरनं मुद्दाम करून दिलीय," तू म्हणालीस. "ह्या हातानं मला जड उचलता येत न्हाई. तवा पान्याची बादली तू भरायची. चालंल?"

एवढ्यावर आपली मैत्री सुरू झाली. बारावीत असताना तुझे पाय सुजले, तोंड सुजलं. गावच्या डॉक्टरनं अंगात रक्त कमी म्हणून इंजेक्शनं दिली. नगरला आणेपर्यंत दोन्ही मूत्रपिंडं वाळून गेली होती. हे तू असं सांगितलंस, जणू एस.टी. चुकल्याचं सांगतेस. मावशी आपलं मूत्रपिंड द्यायला निघाल्या होत्या, पण त्यांना साखरेचा आजार निघाला. वडलांचं आणि भावाचं जुळलं नाही. पुण्याच्या यादीत तुझं नाव होतं, कुणा अनोळखी माणसाच्या मरणाची वाट बघत. तोपर्यंत आठवड्यातून दोन वार मशीन, म्हणजे डायलिसिस. सरकारी योजनेतून त्या धर्मादाय दवाखान्यात ते फुकट होत होतं.

तुझी तहान मी बघितली आहे. अंगातलं पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून पाणी मोजकं प्यायचं. चैत्रात खोलीचा पत्रा तापायचा आणि तू ओठांवर बर्फाचा खडा फिरवत अभ्यास करायचीस. क्षार साठतात म्हणून शहाळं बंद, केळं बंद, टोमॅटो बंद, डाळ उकळून तिचं पाणी टाकून द्यायचं. तुझ्यासमोर पाणी प्यायला मला जड जायचं, म्हणून मी मोरीत जाऊन प्यायचे. एकदा तू हाक मारलीस, "मुक्ते, मोरीत काय चोरून पितीस? हितं येऊन पी. कुनीतरी पोटभर पितंय ते बघायला बरं वाटतं." त्यानंतर मी तुझ्यासमोर प्यायला लागले. तू खरंच बघत बसायचीस. तसं मला पाणी पिताना आता कोणी बघत नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या एका सरांनी आपल्याला त्या विद्यार्थ्यांच्या चळवळीबद्दल सांगितलं. जगभरची पोरं, कुणी डॉक्टरकी शिकणारी, कुणी नर्सिंग, कुणी कायदा, फी नाही की पगार नाही. औषध ज्याला लागतं त्याला ते मिळालं पाहिजे, तो कुठल्याही देशात जन्मलेला असो, एवढंच त्यांचं मागणं. आपण नगरची शाखा काढली. पहिल्या बैठकीला समोसे आणले होते. तुला बटाटा चालत नव्हता, म्हणून तू नुसतं वरचं पापुद्र्याचं टोक मोडून खाल्लंस. मी मोठं भाषण केलं होतं. औषधांच्या किमती कोण ठरवतं, संशोधन कुणाच्या पैशातून होतं, वगैरे. पोस्टर काढायचं ठरलं. मग तू म्हणालीस, पोस्टर करू, पण मी मशीनवर असते तेव्हा बाहेर बाकड्यावर लोक बसलेले असतात, त्यांच्याकडं आधी जाऊ.

म्हणून आपण बाकड्यावर बसायला लागलो. शेवगाव, पारनेर, श्रीगोंदा, कुठून कुठून लोक यायचे. तू सुया टोचलेल्या अवस्थेत आतून ओरडून सांगायचीस, ह्या बाईंना भाजी भिजवून कशी करायची ते दाखव गं. रक्त वाढायचं इंजेक्शन योजनेत मिळत नव्हतं, त्याच्यासाठी आपण अर्ज लिहिले, स्वस्त औषधांच्या दुकानात ते ठेवायला लावलं. आणि तिथंच आपल्याला ती गोष्ट दिसली. मशीन मोजकी, माणसं जास्त. नंबर रिकामा झाला की ज्याचा हक्क, त्याला बोलावणं जायच्या आधी डॉक्टरांचा फोन वाजायचा. अमक्या साहेबांचा माणूस आहे, तेवढं बघा. बाकड्यावरची माणसं गुमान बसून राहायची.

आणि वैशे, नंबर रिकामा होतो म्हणजे काय होतं, हे आपल्याला ठाऊक होतं. कुणी बरं होऊन जात नाही तिथून.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. आपण त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते थकून खुर्चीत बसले होते. म्हणाले, पोरांनो, फोन मला येतात, तुम्हाला नाही. तू त्यांना सांगितलंस की भिंतीवर एक फळा लावा. कोण कधीपासून थांबलंय ते खडूनं लिहा, सगळ्यांना दिसेल असं. फोन आला तर त्या माणसाला म्हणा, येऊन फळा बघा. तू त्यांचीच पेशंट होतीस. आठवड्याभरात फळा लागला. पहिल्यांदा त्याच्यावरून जे आत गेले ते भानुदासबापू, शेवगावकडचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दम पुरेना म्हणून वाजवणं सुटलं होतं. मशीनवर पडल्या पडल्या गुणगुणायचे आणि तू शेजारच्या पलंगावरून फर्माईश करायचीस.

त्या ऑनलाइन बैठकीचं हसू येतं अजून. तू मशीनवर होतीस, मोबाईल उशीला टेकवलेला. नैरोबीची वांजिरू, आणखी कुठकुठली पोरं, सगळी चौकोनात. ती नव्या औषधांच्या करारांवर बोलत होती. तुझ्यामागं मशीनचं चाक फिरताना त्यांना दिसत होतं, पण विचारायचं कुणाला सुचत नव्हतं. तूच तुझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलंस, तुमच्याकडं मशीन कुणाला द्यायचं ते कोण ठरवतं? मग वांजिरूनं सांगितलं, आमच्या वॉर्डात ज्याच्याकडं पुढच्या वेळचे पैसे असतील त्याला. एक मुलगा म्हणाला, आमच्या देशात राजधानीत राहणाऱ्याला. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "सगळीकडं साहेबच हाय म्हन की," आणि आपण दोघी हसायला लागलो. वांजिरूनं हसण्याचं कारण विचारलं, तेव्हा साहेब म्हणजे काय ते समजावताना माझी फे फे उडाली. पुढं तिनं कळवलं, त्यांच्या पोरांनीही वॉर्डाच्या भिंतीवर नावं लिहायला लावली. त्या दिवशी तू अर्धं फुलपात्र पाणी जास्त प्यायलीस. चालतंय म्हणालीस, सण हाय.

ह्या फेब्रुवारीत तुझं बिघडलं. दोन वारांवर भागेना. मधल्या दिवसांत छातीत पाणी साठायचं, आडवं पडलं की धाप लागायची. तू भिंतीला उशी लावून बसून झोपायचीस. डॉक्टर म्हणाले, तिसरा वार लागणार. पण तिसरा वार एकच रिकामा होता, आणि फळ्यावर तुझ्याआधी बापू होते. त्यांनाही तेवढीच गरज होती. त्यांचेही पाय खांबासारखे झाले होते.

मी तुला सांगितलं, मी काकांना फोन करणार आहे. माझे काका संगमनेरला साहेबांच्या बंगल्यावर असतात, हे तुला माहीत होतं. तू म्हणालीस, करू नको. मी म्हणाले, करणार.

"मुक्ते, फळा आपन लावला," तू म्हणालीस. "आपनच पुसला तर उद्या कोन ऐकनार?"

"तू मेलीस तर तो फळा काय चाटायचाय?" मी म्हणाले.

मी तुझ्यासमोरच फोन लावला. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. संध्याकाळपर्यंत दवाखान्यातून निरोप आला, तिसरा वार वैशालीला. तू जाणार नाही म्हणालीस. मग मी मावशींना बोलावून घेतलं. त्या कारखान्याच्या तळावर होत्या, ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. टोळी सोडून त्या आल्या. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, पायांत धड चप्पल नाही. तू त्यांना फळ्याचं सगळं समजावलंस, बापूंचं सांगितलंस. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझ्या फळ्याचं मला सांगू नको," त्या म्हणाल्या. "तू मशीनवर गेली न्हाईस तर मीबी पानी पिनार न्हाई."

आणि त्या खोलीत जमिनीवर बसून राहिल्या. मी ग्लास पुढं केला तरी हात लावला नाही. साखरेचा आजार असलेली बाई, बाहेर असं ऊन. तू दुसऱ्या दिवशी दुपारी उठलीस आणि पायात चप्पल घातलीस.

त्या वारी तू मशीनवर भिंतीकडं तोंड करून पडून होतीस. बापू आणि त्यांची बायको बाहेर बाकड्यावर होते. आत थंडी फार असते, तुझी चादर पायावरून सरकली होती. बापूंची बायको उठून आत आली, तिनं चादर नीट केली आणि परत जाऊन बसली. खोलीवर आल्यावर तू मला म्हणालीस, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तू ते केलंस. मला विचारलं नाहीस, मावशींना विचारलं नाहीस. डॉक्टरांकडं गेलीस आणि ठरवून आलीस की तो तिसरा वार एक आठवडा तुझा, एक आठवडा बापूंचा. डॉक्टर म्हणाले, दोघांनाही अर्धंच मिळेल. तू म्हणालीस, एकाला काहीच मिळत न्हवतं त्याच्यापेक्षा बरं.

ह्यावरच आपलं भांडण राहिलं. मी म्हणायचे, आपण रांग नीट करत बसलोय आणि खरं भांडण मशीन वाढवण्याचं आहे. तालुक्याच्या दवाखान्यात एक जरी मशीन असतं तर तुला आणि बापूंना एकमेकांच्या तोंडातला घास वाटून घ्यावा लागला नसता. तू म्हणायचीस, ते वरडायचंच, रोज वरडायचं, पर मशीन येईपर्यंत काय करायचं ते सांग. मी म्हणायचे, तोवर ज्यानं त्यानं आपला जीव वाचवायचा. तू म्हणायचीस, तेच तर साहेबबी करत्यात. मग मी चिडून दिवा घालवायचे. तू अंधारात बसून श्वास घेत राहायचीस. मी ते ऐकत पडायचे. सकाळी चहा करताना ते भांडण आपण दोघी टाळायचो. पुन्हा कधीतरी बोलू, असं वाटायचं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या दिवसांत मी तुझ्यावर जितकी चिडले तितकी कुणावर चिडले नाही. आणि तुझ्यासारखं व्हावं असं जितकं वाटलं, तितकं दुसऱ्या कुणासारखं व्हावं असं वाटलं नाही. ही दोन्ही वाक्यं मी तुला एकत्र कधी सांगितली नसती. आपण तसं बोलत नव्हतो.

हंगाम संपून तुझे आईवडील गावी परतले आणि तू चार दिवस घरी गेलीस. ठरलेला वार करून गेली होतीस. तिसरा वार त्या आठवड्यात बापूंचा होता. जाताना मी तुला म्हणाले, बापूंशी बोलून बदलून घे, ऊन फार आहे. तू म्हणालीस, त्यांचं मागच्या टायमाला अर्ध्यात बी.पी. पडून थांबवलं होतं, त्यांना लागंल. एस.टी.त चढताना तुला दम लागला होता. पायरीवर थांबून तू मागं वळलीस आणि हात केलास, उजवा. डाव्यात ती शीर होती.

पुढचं मला मावशींनी सांगितलं. सकाळी तुला श्वास घेता येईना. जीपनं पाथर्डीला नेलं. तिथल्या डॉक्टरनं ऑक्सिजन लावला आणि सांगितलं की हिला मशीनच लागेल, ते इथं नाही, नगर गाठा. ॲम्ब्युलन्स मिळाली. आदल्या संध्याकाळी तू लिंबाचं सरबत मागितलं होतंस आणि मावशींनी ते दिलं होतं. पेला भरून दिला. दहाव्याला सगळे पांगल्यावर त्यांनी माझा हात धरून विचारलं, "मी दिलं म्हनून झालं का गं?" मी सांगितलं, तेवढ्यानं काही होत नाही. मी फार्मसी शिकतेय, म्हणून त्यांना ते खरं वाटलं.

आता त्या सकाळचं इकडचं सांगते. तुझ्या भावानं पाथर्डी सोडताना मला फोन केला. मी दवाखान्यात पळत गेले. सगळी मशीन चालू होती. बापू अर्ध्यावर आले होते. सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग मशीनांकडं. कुणाला थांबवायचं ते त्या बोलू शकत नव्हत्या, मीही नाही. मी फक्त सांगितलं की वैशालीला आणतायत. बापूंनी ते ऐकलं.

"मला सोडवा," ते म्हणाले. "माझं बास झालं."

सिस्टर म्हणाल्या, अजून निम्मं बाकी आहे, तुम्हाला त्रास होईल. बापू म्हणाले, "पोरीला लावा. आधी तिला लावा." त्यांचं रक्त परत देऊन त्यांना सोडवलं. ते दंडावर कापूस दाबून बाहेर बाकड्यावर येऊन बसले. सिस्टरांनी मशीन धुऊन पुन्हा भरायला घेतलं. मी खाली गेले. बाकीचं तुला सुरुवातीलाच सांगितलं.

फोन ठेवून मी वर आले तर बापू उठून उभे राहिले. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं. सिस्टर त्यांना म्हणाल्या, आता तरी पुरं करून घ्या. ते म्हणाले, आज नको. त्या तयार मशीनजवळ बराच वेळ कुणी गेलं नाही. मग डॉक्टर आले, त्यांनी ते बंद केलं, आणि चष्मा काढून खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मला बापूंचा राग होता, वैशे. तुझा आठवडा त्यांच्याकडं गेला म्हणून. त्या दिवसानंतर तो राग ठेवायला मला जागा उरली नाही. दहाव्याला ते आले होते, मांडवाच्या कडेला एकटे बसले होते. मी जाऊन नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात पाण्यानं टम्म झाला होता.

गावाहून परतले आणि दोन दिवसांनी सिस्टरांचा फोन आला. तुझे वार रिकामे झाले होते. फळ्यावर पुढचं नाव पारनेरच्या द्वारकाबाईंचं. पण डॉक्टरांना फोन आला होता. तुम्ही पोरं येऊन जा, सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर कुणालाच काही सांगत नाहीयेत.

मी गेले. बाकड्याच्या एका टोकाला द्वारकाबाई आणि त्यांची जाऊ, दुसऱ्या टोकाला एक तरुण मुलगा आणि त्याची आई. मुलाचे डोळे सुजलेले होते, अगदी तुझे पहिल्या वर्षी असायचे तसे. मी आत जाऊन विचारलं, फोन कुणाचा. डॉक्टर म्हणाले, तुझ्या काकांचा.

मी व्हरांड्यात जाऊन काकांना फोन लावला. ते म्हणाले, साहेबांच्या ड्रायव्हरचा पोरगा आहे, श्रीमंत नाही तो, गॅरेजमध्ये काम करत होता. मी म्हणाले, पण नंबर दुसऱ्या बाईंचा आहे.

"तुझ्या मैत्रिणीसाठी केला तेव्हा चालला," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता का चालत नाही?"



"तिला तेव्हाही चालला नव्हता, काका," मी म्हणाले.

मी फोन ठेवला. डॉक्टर दारात उभे होते, त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, मग? मी म्हणाले, फळ्यावर आहे तसं करा. त्यांनी द्वारकाबाईंना हाक मारली. त्या उठल्या, पण आधी त्या मुलाकडं बघितलं, आणि मग खाली मान घालून आत गेल्या.

मुलाच्या आईनं पिशवी उचलली. वाद घातला नाही, रडली नाही. मुलगा माझ्याजवळ आला. मी कोण, त्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "ताई, पुन्याची गाडी कुठनं लागती?"

मी त्याला स्टँडचा रस्ता सांगितला. रिक्षा करून देते म्हणाले, तर त्याची आई नको म्हणाली. ती दोघं उन्हातून चालत गेली. तो मधे मधे थांबत होता.

खोलीवर आल्यावर मी खूप पाणी प्यायले. तुझा पलंग रिकामा होता. मला तुला ओरडून विचारायचं होतं, आता सांग, हे बरोबर झालं का? द्वारकाबाईंच्या जागी मी त्याला आत पाठवलं असतं तर तेही बरोबर नव्हतं. आणि तुझ्यासाठी मी केलेला फोन, तो मी आजही केला असता. हे तिन्ही माझ्या डोक्यात एका वेळी बसत नाहीत. तुझ्या डोक्यात कसं बसत होतं, ते विचारायचं राहिलं.

वांजिरूला मी कळवलं. तिनं आवाजातला निरोप पाठवला, त्यात बराच वेळ ती नुसती रडतेय. शेवटी म्हणते, आमच्या भिंतीवर आम्ही तिचं नाव लिहिणार होतो, पण तिला ते आवडलं नसतं, नाही का? मी तिला लिहिलं, नसतं आवडलं. तिथं थांबलेल्यांचीच नावं लिहा.

तालुक्याच्या दवाखान्यात मशीन द्या म्हणून आपला अर्ज पुन्हा केलाय. सह्या गोळा करायला मावशी आल्या होत्या. त्यांना सही येत नाही, अंगठा दिला आणि मग गावातल्या बायकांना घेऊन आल्या.

काल काकांना फोन केला. त्या मुलाचं पुढं काय झालं ते विचारलं. काका म्हणाले, किरण नाव त्याचं, पुण्यात एका नातेवाइकाकडं आहे, अजून मशीन मिळालं नाही, मी कुणाला तरी सांगून बघतोय.

मी त्यांना नका बघू म्हणाले नाही.

त्या दिवशी दवाखान्यात तुझं ऐकलं मी, वैशे. तू बरोबर होतीस, असं मात्र अजून म्हणत नाही.